महारोग : हरवलेल्या स्पर्शाचा इतिहास

मराठीत या व्याधीला तीन नावे आहेत. ‘महारोग’ या नावात समाजाची भीती साठलेली आहे. ‘रक्तपिती’ या नावात रक्त नासल्याची जुनी समजूत आहे. आपल्या सिल्वासा परिसरातील गुजराती शेजारीही याच समजुतीने ‘रक्तपित्त’ म्हणतात. वास्तविक आयुर्वेदात रक्तपित्त हे रक्तस्रावाच्या एका वेगळ्याच विकाराचे नाव आहे. तिसरे नाव ‘कुष्ठ’. ते संस्कृत वैद्यकातून आले आणि त्यात त्वचेच्या अनेक विकारांचा समावेश होत असे. गंमत अशी की, ज्या ठिकाणी हा रोग माणसाचे खरे नुकसान करतो त्या मज्जातंतूचा उल्लेख या तिन्ही नावांत कोठेही नाही. रोगाचे नावच चुकीच्या जागी बोट ठेवत असेल तर त्या रोगाचा सामाजिक इतिहासही चुकीच्या वाटेने जातो. मराठी मुलखात तसेच घडले. ती वाट कोणी व कशी सुधारली, आणि ती अद्याप पूर्ण का सुधारली नाही, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. आपल्या दादरा व नगर हवेलीतील वाचकांना हा विषय परका वाटू नये. तसा तो का नाही, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कुष्ठरोगाचा जंतू अत्यंत संथ आहे. इतर जंतू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. याला एकदा दुप्पट होण्यास सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यानंतर लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही जातात. या जंतूला शरीरातील थंड भाग मानवतात. म्हणून तो त्वचेत आणि त्वचेलगत धावणाऱ्या मज्जातंतूंत वस्ती करतो. कोपराच्या आतल्या बाजूला आपटल्यावर जेथून झिणझिणी करंगळीपर्यंत जाते तो तंतू, मनगटाचा तंतू, गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा, घोट्यामागचा आणि चेहऱ्याचा तंतू ही त्याची ठरलेली ठिकाणे होत. मज्जातंतूवर आवरण घालणाऱ्या पेशींत तो शिरतो. त्याला हुसकावण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती धावून येते, तंतू सुजतो, आणि त्या झटापटीत तंतूचाच नाश होतो. मग करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकते, पाऊल लोंबू लागते, डोळ्याची पापणी मिटत नाही. आणि या सर्वांच्या आधी त्वचेचा एखादा तुकडा बधिर होतो. तेथे टाचणी टोचली तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही.

या बधिरतेची नोंद आपल्याकडे फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांमध्ये त्वचेचा स्पर्श नाहीसा होणे स्पष्टपणे सांगितले आहे. परंतु लक्षण नोंदणे वेगळे आणि त्याचा अर्थ लावणे वेगळे. पुढील शतकांत लोकांनी झडलेली बोटे पाहिली, न भरणाऱ्या जखमा पाहिल्या, आणि शरीर आतून सडत आहे असा निष्कर्ष काढला. सडणे म्हटले की मागोमाग पाप आले, पूर्वजन्म आला, वाळीत टाकणे आले.

आधुनिक काळात या कोड्याच्या उकलीत मुंबई इलाख्याचा वाटा लक्षणीय आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेवरील विख्यात ग्रंथातील चित्रे ज्यांनी काढली ते डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जनही होते. कुष्ठरोग्यांच्या मृत शरीरांचे विच्छेदन करून त्यांनी सुजलेल्या, जाड झालेल्या मज्जातंतूंचा अभ्यास केला आणि १८६० च्या दशकात त्यावर लिहिले. नॉर्वेमध्ये डॅनियलसन व बेक यांनी १८४७ मध्येच बधिरतेचा प्रकार स्वतंत्रपणे वर्णिला होता. त्याच देशातील बर्गेन शहरी गेर्हार्ड आर्माउअर हॅन्सन यांना १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दिसला. कार्टर त्याच सुमारास नॉर्वेस जाऊन तेथील काम पाहून आले. मानवी रोगाशी ज्या जंतूंचा संबंध सर्वप्रथम जोडला गेला त्यांत हा एक होता.

याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावर औषध शोधत होते. पुरातत्त्वज्ञ व समाजसुधारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. तथापि कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे त्यांचे प्रयोग आज फारसे कोणास स्मरत नाहीत. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्गातील तेले पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर या रोगावर वापरात राहिली. परसात वा रानात वाढणाऱ्या वनस्पतीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा हा मराठी वैद्य काळाच्या पुढे होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

एकीकडे ज्ञान वाढत असता दुसरीकडे शासनाची पावले मात्र भीतीच्या दिशेने पडत होती. १८८९ मध्ये हवाई बेटांतील मोलोकाई येथे फादर डेमियन यांचा कुष्ठरोगाने मृत्यू झाला आणि साम्राज्यभर खळबळ उडाली. हिंदुस्थानात १८९०-९१ मध्ये चौकशी आयोग फिरला. रोगाचा संसर्ग होण्याचा धोका अल्प आहे, सक्तीने अलग ठेवण्याची गरज नाही, असा त्याचा निर्वाळा होता. तरीही १८९८ मध्ये कायदा झाला. उपजीविकेचे साधन नसलेल्या, भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यास पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे व आश्रयस्थानात डांबावे, अशी तरतूद त्यात होती. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, विक्रीचे खाद्यपदार्थ करणे, भाड्याचे वाहन हाकणे यांवर बंदी घालण्याचे अधिकारही त्यात होते. कायदा मुख्यतः निराधारास लागू होता, ही बाब बोलकी आहे. घरात ओसरीमागे दडवलेला श्रीमंत रोगी कायद्याच्या दृष्टीस पडत नव्हता.

याच काळातील एक व्यक्ती साहित्यप्रेमी वाचकांना विशेष परिचित असेल. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८९४ मध्ये निवडक पोवाड्यांचे इंग्रजी रूपांतर केले. याच ॲकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंगा-वडाळा परिसरात बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. ते आजही त्यांच्याच नावाने महापालिकेचे कुष्ठरोग रुग्णालय म्हणून उभे आहे. शाहिरांचे शब्द जपणारा हा अधिकारी रस्त्यावरच्या रुग्णांनाही छप्पर देऊन गेला, हे खरे. पण ते छप्पर कुंपणाच्या आत होते. दया आणि बंदिवास यांची ती सरमिसळ त्या काळाची मर्यादा होय.

कुंपणातून रुग्णास माणूस म्हणून बाहेर काढण्याचे कार्य विसाव्या शतकात प्रामुख्याने विदर्भात घडले. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. कुष्ठसेवेसाठी घरदार वाहून घेणाऱ्या भारतीय कार्यकर्त्यांत ते अग्रणी मानले जातात. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या विद्वान रुग्णाची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत, हे सर्वश्रुत आहे. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे व साधनाताई यांनी आनंदवन फुलविले आणि बधिर बोटांनीही शेती, विणकाम, बांधकाम होऊ शकते हे दाखवून दिले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. तेथील डॉ. रा. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री मांडली. रुग्णाने दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन चट्टा शोधावा, हा त्यांचा मूलभूत विचार होता. राष्ट्रीय कार्यक्रमाने पुढे हीच पद्धत स्वीकारली.

सिल्वासा येथील शासकीय रुग्णालयास विनोबा भावे यांचे नाव आहे. आपण त्या दारातून शेकडो वेळा गेलो असू. ज्या महापुरुषाच्या प्रेरणेने व परिवारातून आधुनिक मराठी कुष्ठसेवेचा आरंभ झाला त्याचेच नाव आपल्या रुग्णालयावर आहे, हा योग नकळत का होईना पण अर्थपूर्ण आहे.

सेवेने माणुसकी आणली. तथापि बोटे का झडतात या प्रश्नाचे निर्णायक उत्तर शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातून आले. तामिळनाडूतील वेल्लोर येथे १९४६ मध्ये आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी हाताच्या शल्यचिकित्सेस आरंभ केला. एक गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका कृश मुलाने किल्ली फिरवून ते सहज उघडले, आणि मग पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत चिरलेले. मुलास त्याची वार्ताही नव्हती. वेदना हा आपल्या बळाला लागलेला लगाम आहे. तो सुटला की हात स्वतःलाच इजा करतो. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात व रुग्णास जाग येत नाही, हेही त्यांच्या पाहणीत आढळले. तेव्हा रुग्णांना मांजरे पाळण्यास दिली गेली. निष्कर्ष असा निघाला की जंतू मांस खात नाही. भाजणे, कापणे, एकाच जागी सतत दाब येणे, आणि वेदना नसल्यामुळे त्या जखमेला विश्रांती न मिळणे, यांमुळे बोटे झिजतात. म्हणजेच ती वाचविता येतात. निरोगी स्नायूचा कंडरा वळवून वाकलेली बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी हे कार्य महाराष्ट्रात पुढे नेले आणि मज्जातंतूंच्या संशोधनासाठी पुढे स्वतंत्र संस्थाही उभी केली. पोवाड्यांचा संग्राहक कमिशनर, वर्ध्याचा कार्यकर्ता, वेल्लोरचा शल्यविशारद आणि मुंबईचा पारशी डॉक्टर यांचे प्रयत्न असे एकमेकांत गुंफलेले आहेत.

औषधांचा प्रवासही याच काळात झाला. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन गटाच्या औषधाचा गुण दिसला. त्यातून डॅप्सोन ही स्वस्त गोळी आली. परंतु एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. १९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार सुचविला, आणि १९८३ मध्ये भारताने राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. सहा महिने वा वर्षभर नियमित गोळ्या घेतल्या की रुग्ण बरा होतो. पहिल्या काही मात्रांनंतरच त्याच्यापासून इतरांना होणारा धोका जवळजवळ संपतो. शिवाय सुमारे पंचाण्णव टक्के लोकांमध्ये या जंतूचा निसर्गतःच प्रतिकार करण्याची शक्ती असते.

मग प्रश्न मिटला असे का म्हणता येत नाही? कारण औषध जंतू मारते, मेलेला तंतू जिवंत करीत नाही. उपचार चालू असताना, किंबहुना तो संपल्यानंतरही, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उसळू शकते. चट्टे लाल होतात, कोपराचा तंतू दुखतो, चार दिवसांत हाताची पकड ढिली पडते. अशा वेळी प्रेडनिसोलोन हे औषध वेळेवर, म्हणजे तंतू दुबळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सुरू झाले तर हात पुष्कळदा वाचतो. उशीर झाला तर वाचत नाही. कुष्ठरोगाचा खरा शत्रू जंतूइतकाच विलंब आहे, असे म्हणावेसे वाटते ते याचसाठी.

विलंबाची किंमत शासकीय सेवेत असताना मला टेबलाच्या अलीकडून दिसत असे. निराधार अनुदानाच्या अर्जावर अंगठा उठवायचा असे, आणि अर्जदाराच्या हाताला अंगठाच नसे. साक्षीदार आणा, दाखला आणा, असे सांगण्यावाचून नियमांत वाट नव्हती. माणूस औषधाने कधीचा बरा झालेला असे, पण शिक्क्याच्या शाईपुरतीही त्याची ओळख शिल्लक नसे. पुढे बोटांचे ठसे यंत्रावर घेण्याचे युग आले तेव्हा तीच अडचण नव्या रूपात उभी राहिली.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगिजांना महसूल दिलेली, १७८३ मध्ये त्यांच्या ताब्यात गेलेली ही गावे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत परकी सत्तेखाली होती. त्यानंतर आणि विशेषतः १९६१ च्या विलीनीकरणानंतर शिक्षक, कारकून, कंपाउंडर, ओव्हरसियर म्हणून कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली व येथलीच झाली. आपले वाडवडील ज्या वारली, कोकणा, धोडिया बांधवांच्या मध्ये येऊन राहिले, त्यांच्या पाड्यांवर हा रोग तेव्हाही होता आणि आजही आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण ही मर्यादा भारताने राष्ट्रीय पातळीवर गाठली आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग दूर झाल्याचे घोषित झाले. दादरा व नगर हवेली मात्र ती मर्यादा न गाठलेल्या मोजक्या प्रदेशांत होती, आणि त्यानंतरही अनेक वर्षे बिहार व छत्तीसगड यांच्यासह तिचे नाव त्या यादीत येत राहिले. कारखान्यांची वाढ, चांगले रस्ते, दरडोई उत्पन्न यांच्या आकड्यांत पुढे असणाऱ्या आपल्या भूमीच्या बाबतीत हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

या यादीचा एक अर्थ असाही आहे की येथे रुग्ण शोधण्याचे काम कसोशीने झाले. २०१५ पासून येथे एक महत्त्वाचा प्रयोग राबविला गेला. रुग्णाच्या घरातील व शेजारातील माणसांची तपासणी करून, ज्यांना रोग नाही त्यांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा प्रतिबंधासाठी देण्यात आली. ब्राझील, इंडोनेशिया, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, टांझानिया आदी देशांबरोबर भारतातर्फे निवड झाली ती याच प्रदेशाची. आधी बांगलादेशातील अभ्यासात अशा एका मात्रेने पुढील दोन वर्षांतील धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले होते. २०१८ पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. खानवेल, मांदोनी, दुधनीच्या पाड्यांवर पायी फिरणाऱ्या परिचारिकांचे व कार्यकर्त्यांचे हे कर्तृत्व आहे. त्याची दखल आपल्या साहित्यिक वर्तुळात घेतली जावी म्हणून येथे मुद्दाम लिहीत आहे.

कायदाही सावकाश का होईना बदलला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश झाला. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यात आले. एवढे होऊनही जगातील दर वर्षीच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे एक लाख, भारतात आढळतात. कागदावरचे कुंपण गेले, उंबरठ्यावरचे उरले आहे.

त्या उंबरठ्याच्या आत आपण राहतो. आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई, शेतावरचा गडी, चाळीतला भाडेकरू यांच्या हातावर फिकट चट्टा दिसला तर आपले पहिले पाऊल काय असते? बहुधा त्यास कामावरून सोडणे. सोडलेला माणूस चट्टा झाकतो, दुसऱ्या गावी काम धरतो, आणि सहा महिन्यांची ती मोलाची मुदत निघून जाते. पांढऱ्या कोडाच्या डागाची भीती आपण अकारण बाळगतो. तो डाग स्पर्श ओळखतो, त्यापासून कोणासही अपाय नाही. फिकट किंवा तांबूस, न खाजणारा, न दुखणारा आणि बधिर असा चट्टा मात्र दुखत नाही म्हणूनच दुर्लक्षिला जातो. खरे तर ज्या चट्ट्यास काही वाटत नाही त्याचीच काळजी वाटावयास हवी.

डोळे मिटून कापसाच्या बोळ्याचा स्पर्श होतो की नाही, हे पाहावयास अर्धे मिनिट लागते. शंका आल्यास विनोबांच्या नावाचे रुग्णालय जवळच आहे, खेड्यांत आरोग्य केंद्रे आहेत, आणि सर्व औषधे विनामूल्य मिळतात. तेथवर त्या माणसाबरोबर जावे, आणि औषध चालू असताना त्याचे काम चालू ठेवावे. तव्याला धरण्यासाठी जाड फडके, पायात मऊ रबरी तळाची चप्पल, रोज संध्याकाळी हातापायांची नजरेने तपासणी एवढ्या साध्या गोष्टींनी बोटे टिकतात. ज्याची वेदना हरपली आहे त्याच्या वाट्याची काळजी शेजाऱ्याने घ्यावी, हे दत्तपूर व तपोवनच्या कार्यकर्त्यांनी मराठी समाजास आचरणातून सांगितले. सात दशकांपूर्वी या मातीत येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांवर या मातीतील माणसांचे ऋण आहे. ते फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.